पार्सलने आलेली दुर्मिळ जातीची अंडी: खोक्याचा दोष किती, प्रवासाचा किती?

प्रश्न थोडक्यात असा. दुर्मिळ जातीची बारा फलित अंडी पार्सलने मागवली आणि थर्माकोलचं खोकं, बल्ब, थर्मोस्टॅट आणि छोटा पंखा वापरून घरीच केलेल्या इनक्युबेटरमध्ये लावली. तीन पिल्लं निघाली. चार अंडी सातव्या दिवशी टॉर्च लावल्यावर कोरी दिसली आणि उरलेल्या पाचांत पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेली. घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांतून मात्र याच खोक्यात पिल्लं व्यवस्थित निघतात. आता दुसरी खेप यायची आहे. खोकं बदलायचं, की विकणाऱ्यानेच खराब अंडी दिली असं समजायचं?

खोकं बदलू नका. घरच्या अंड्यांतून पिल्लं निघताहेत त्या अर्थी तापमान ठीक आहे. गडबड झाली ती प्रवासातून आलेल्या अंड्यांना घरच्या अंड्यांचाच नियम लावल्यामुळे. त्या चार कोऱ्या अंड्यांचं तुमच्या हातात फारसं काही नव्हतं. कवचात मेलेल्या पाचांपैकी काही मात्र वाचली असती, म्हणून मी मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितो.

आधी प्रवासात अंड्याचं काय होतं ते. अंड्याच्या बोथट टोकाला कवचाखाली दोन पापुद्रे असतात आणि त्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते. ताज्या अंड्यात ती जागच्या जागी घट्ट असते. गाडीच्या सततच्या थरथरीने, आपटाआपटीने हे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. मग पोकळी एका बाजूला खाली ओघळते, खोगिरासारखी वाकडी होते, किंवा पूर्ण सुटून पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी अंडं फिरवाल तिकडे पळते. आतला पापुद्राच फाटला तर पांढऱ्यात बारीक बुडबुडे तरंगताना दिसतात. अशा अंड्याकडून फार आशा धरू नये. बलकाला दोन्हीकडून धरून ठेवणारे पीळदार दोरेही या हादऱ्यांनी सैल होतात. ही पोकळी महत्त्वाची का? कारण पिल्लू कवच फोडण्याआधी चोच याच पोकळीत घालून पहिला श्वास घेतं. पोकळी चुकीच्या जागी असेल तर पूर्ण वाढलेलं, धडधाकट पिल्लूही श्वासाअभावी मरतं. तुमच्या पाच अंड्यांत बहुधा हेच झालं असावं, आणि जोडीला ओलावा जास्त झाला असावा. त्याकडे नंतर येतो.

पार्सल आलं की पहिलं काम म्हणजे प्रत्येक अंड्याला अंधारात टॉर्च लावून बघणं. अंड्याला नंबर द्या, पोकळीची कड पेन्सिलीने आखा आणि वहीत लिहा: घट्ट, वाकडी की सुटी. पेन्सिलच वापरा, मार्करची शाई कवचातून आत झिरपू शकते. बारीक तडा गेलेलं अंडं मौल्यवान असेल तर तड्यावर मेणाचा पातळ थर देऊन चालवून बघता येतं; गळणारं अंडं टाकून द्या. अंडी धुऊ नका. कवचावर जंतूंना अडवणारा नैसर्गिक थर असतो, तो धुण्याने जातो. सुकलेली घाण बारीक सँडपेपरने हलक्या हाताने घासून काढा.

मग अंडी बोथट टोक वर करून ट्रेमध्ये उभी ठेवा आणि 12 ते 24 तास तशीच राहू द्या. जागा थंड हवी, 15 ते 18 अंशांची. फ्रीज नको, तो जास्त थंड आणि कोरडा पडतो. या विश्रांतीत बलक स्थिरावतो आणि सुटलेली पोकळी वर येऊन बसायला लागते. मात्र अंड्याचं वय मोजून ठरवा. घातल्यापासून आठवडाभरात लावलेलं अंडं उत्तम, त्यानंतर दर दिवशी आशा कमी होत जाते. पार्सल पोचेपर्यंतच अंडी दहा दिवसांची झाली असतील तर 12 तासांपेक्षा जास्त थांबण्यात नुकसानच आहे. विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: सर्वांत जुनं अंडं कोणत्या तारखेचं? यंत्रात ठेवण्याआधी अंडी काही तास खोलीच्या तापमानावर येऊ द्या. थंड अंडं एकदम गरम, दमट हवेत गेलं की कवचावर घाम सुटतो आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात.

आता अंडी फिरवण्याबद्दल, कारण सर्वांत उलटसुलट सल्ले इथेच मिळतात. एक गट म्हणतो, पार्सलची अंडी आठवडाभर हलवूच नका. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून फिरवा. माझं मत मधलं आहे, आणि त्याला कारण आहे. फिरवल्याने गर्भ पापुद्र्याला चिकटत नाही आणि कवचाच्या आतून रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरतं. या जाळ्यातूनच गर्भाला पुढे प्राणवायू मिळतो. फिरवण्याचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या आठवड्यात, त्यातही तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. म्हणजे आठवडाभर न फिरवलं तर पोकळी वाचेल, पण गर्भ कमजोर होईल. म्हणून पोकळी घट्ट असलेली अंडी पहिल्या दिवसापासून फिरवा. वाकडी किंवा सुटी असलेली पहिले दोन, फार तर तीन दिवस उभी, शांत ठेवा आणि मग सुरुवात करा. सगळ्या खेपेला एकच नियम लावायचा नाही, वहीतल्या नोंदीप्रमाणे दोन ट्रे करायचे.

फिरवायचं कसं, हेही तितकंच महत्त्वाचं. आडवी ठेवून हाताने लोळवणं घरच्या अंड्यांना चालतं. पार्सलच्या अंड्यांत त्याने सुटी पोकळी पुन्हा हलते. ती उभीच राहू द्या आणि सगळा ट्रे तिरका करा: एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवून सुमारे 45 अंश एकीकडे, पुढच्या वेळी दुसरीकडे. दिवसातून तीनदा तरी, पाचदा जमलं तर उत्तम. आकडा विषम ठेवला की रात्रीची लांब खेप दर वेळी एकाच कुशीवर जात नाही. पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे वापरत असाल तर प्रत्येक खळग्याच्या तळाला भोक पाडा, खालून हवा खेळली पाहिजे. 18व्या दिवशी फिरवणं बंद.

खोक्याबद्दल थोडं, कारण ते तुमचं मुळात चालणारं आहे. पंखा फिरत असेल तर 37.5 अंश. पंखा नसलेल्या खोक्यात हवेचे थर बनतात, तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर 38.3 ते 38.9 धरावे लागतात. तुमच्याकडे पंखा आहे, पण अंडी आता उभी राहणार म्हणजे त्यांची उंची वाढणार. सेन्सर त्या नव्या उंचीवर आणा. बल्बचा उजेड थेट सेन्सरवर किंवा अंड्यांवर पडू देऊ नका, मध्ये पत्र्याचा आडोसा हवा. पंख्याचा झोतही सरळ अंड्यांवर नको.

थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा. घरातला ताप मोजायचा चांगला थर्मामीटर नेमका 37–38 अंशांच्या आसपासच अचूक असतो, म्हणजे आपल्याला हवा तिथेच. कोमट पाण्यात तो आणि सेन्सर शेजारी शेजारी धरा, फरक येईल तेवढा सेटिंगमध्ये दुरुस्त करा. अर्धा अंश चुकीचा दाखवणारा सेन्सर घरच्या ताज्या अंड्यांत निभावून जातो. प्रवासाने दमलेल्या अंड्यांत तेवढी सवलत नसते. बल्ब ज्या तापमानाला चालू होतो आणि ज्याला बंद होतो त्यांतला फरक जमेल तितका कमी ठेवा. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये तो सुरुवातीला 2 अंशांवर लावलेला असू शकतो. हवेचं तापमान थोडं वरखाली झालं म्हणून अंड्याच्या आतलं लगेच होत नाही, त्यामुळे सरासरी बघा. पाण्याने भरलेल्या एक-दोन बाटल्या खोक्यात ठेवल्या तर झाकण उघडल्यावर ऊब टिकून राहते.

एक जोड मात्र आवर्जून करा. अशा थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे बल्बची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, कधी कधी चालू अवस्थेतच चिकटतो आणि बल्ब बंदच होत नाही. त्याच वायरीवर, त्याच्या पुढे दुसरा थर्मोस्टॅट लावा आणि तो 38.5 अंशांना तोडेल असा ठेवा. गर्भ थोडी थंडी सोसतो, उष्णता सोसत नाही. 40 अंशांच्या वर काही तास गेले तर सगळी खेप जाते. वीज जाऊन खोकं दोन-चार तास गार पडलं तर मात्र बहुतेक गर्भ तग धरतात, फार तर पिल्लं उशिरा निघतात. तेव्हा झाकण न उघडता वरून चादर घाला, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. बल्ब सिरॅमिकच्या होल्डरमध्ये आणि थर्माकोलपासून लांब हवा. एका मोठ्या बल्बपेक्षा निम्म्या वॉटचे दोन लावा, म्हणजे एक गेला तरी रात्र निघते. पाण्याचं भांडं आणि विजेच्या जोडण्या एका बाजूला नकोत. खोकं रिकामं दोन दिवस चालवून मगच अंडी ठेवा. अंडी ठेवल्यावर आकडा खाली जाईल आणि काही तास वर येणार नाही. तेव्हा बटणं फिरवत बसायचं नाही. हौशी माणसं अंडी शिजवतात ती याच वेळी.

आता ओलावा. पाच पिल्लं कवचात मेली म्हटल्यावर माझा पहिला संशय यावरच. पुस्तकी आकडा पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के असतो, पण स्वस्त आर्द्रतामापक दहा टक्क्यांनी सहज चुकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासह झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. पिशवीतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक 82 दाखवत असेल तर तुमचं यंत्र 7 जास्त दाखवतं, एवढं कळलं.

तरीही मी आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा वजनाकडे बघतो. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडत राहतं, पोकळी मोठी होत जाते, आणि 18 दिवसांत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटायला हवं. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो. 60 ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी 57.2 च्या जवळपास, चौदाव्या दिवशी 54.4 आणि अठराव्या दिवशी 52.8 असावं. सातव्या दिवशी ते 58.5 भरलं तर हवा जास्त ओली आहे, पाण्याचं भांडं काढून टाका. 55 भरलं तर पाणी वाढवा. इथे भांड्याची खोली निरुपयोगी, पसरटपणा मोजायचा. वाफ पृष्ठभागावरून होते. थोडाच ओलावा वाढवायचा तर भांड्यात स्पंजचा तुकडा उभा करा.

पार्सलच्या अंड्यांसाठी मी सुरुवातीला ओलावा मुद्दाम कमी, 35 ते 40 टक्क्यांच्या घरात ठेवतो. पोकळी लवकर वाढली की तिचा आकार निश्चित होतो आणि सुटी पोकळीही हळूहळू एका जागी स्थिरावते. मारन्ससारख्या गडद चॉकलेटी कवचाच्या जातींत पाणी मुळातच हळू उडतं, त्यांना तर हे आणखी मानवतं. पण कवच पातळ किंवा खडबडीत, सच्छिद्र असेल तर उलटं होईल. म्हणून काटा.

टॉर्चची तपासणी सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पुरे. रोज काढून बघण्याचा मोह समजतो, पण रोजच्या हाताळणीने फायदा काही नाही. सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या आणि हलणारा ठिपका दिसला की जिवंत. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच गेला. गडद कवचातून सातव्या दिवशी काहीच स्पष्ट दिसत नाही, ती चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्या. वास येणारं किंवा ओघळ सुटलेलं अंडं मात्र लगेच बाहेर. ते आत फुटलं तर बाकीच्यांचं काही खरं नाही.

कोरी दिसलेली अंडी न फोडता फेकू नका. विकणाऱ्याशी भांडायचं की नाही हे त्यांवरून ठरतं. फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. तो लहान, घट्ट आणि वेडावाकडा असेल तर अंडं अफलित होतं, म्हणजे प्रश्न विकणाऱ्याच्या कोंबड्याचा. ठिपका पसरलेला, कड्यासारखा असेल किंवा रक्ताची खूण असेल तर अंडं फलित होतं आणि गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला. तिथे प्रवास, शिळेपणा किंवा वाटेतली ऊन-थंडी जबाबदार. 20–21 अंशांच्या वर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि गार झालं की थांबते. वाटेत असं दोन-चारदा झालं की तो दमतो.

कवचात मेलेली पिल्लंही उघडून बघा. पिल्लू फुगलेलं, आत पाणी साचलेलं आणि पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त होता. पापुद्रा सुकून अंगाला चिकटला असेल तर ओलावा कमी होता, किंवा शेवटच्या दिवसांत झाकण वारंवार उघडलं गेलं. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर पिल्लू उलटं बसलं होतं, आणि पोकळी बिघडलेल्या अंड्यांत हे वाढतं. सगळीच पिल्लं उशिरा, बावीस-तेवीस दिवसांनी निघाली असती तर तापमान कमी म्हटलं असतं. लवकर निघून बेंबी उघडी राहिली असती तर जास्त.

अठराव्या दिवशी ओलावा 65 ते 70 टक्क्यांवर न्या, आणि हवेची भोकं बंद करू नका. घरगुती खोक्यात ओलावा टिकावा म्हणून लोक नेमकी याच वेळी ती बुजवतात, जेव्हा पिल्लाला प्राणवायू सर्वांत जास्त लागतो. भोकं पूर्ण उघडी ठेवा आणि ओलं फडकं टाकून ओलावा वाढवा. पोकळी नीट झालेली अंडी आडवी ठेवायला हरकत नाही. ज्यांची पोकळी शेवटपर्यंत वाकडी राहिली ती उभीच ठेवा, पुठ्ठ्याच्या ट्रेचे कडे कापून उथळ केले की पिल्लू त्यातून सहज बाहेर येतं. तळाला गुळगुळीत कागद नको, पाय घसरून फाकतात. जाळीदार रबरी मॅट टाका. बँटम, म्हणजे छोट्या चणीच्या जातींची पिल्लं दिवसभर आधी निघू शकतात, त्यांच्यासाठी अठराव्या दिवसाची ही कामं 17व्या दिवशीच आवरून घ्या.

कवचाला पहिला टोचा पडल्यावर पुढचे 12 ते 24 तास काहीच घडताना दिसत नाही. पिल्लू मेलेलं नसतं. ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकत असतं, कवचाच्या आतल्या वाहिन्यांतलं रक्त अंगात ओढत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. या वेळी मदत केली तर रक्तस्राव होऊन मरतं. 24 तास उलटूनही चीर पुढे सरकली नाही तर टोच्याभोवतीचं कवच चिमटीने थोडं काढा, पापुद्रा कोमट पाण्याने ओला करा आणि टॉर्चने वाहिन्या बघा. रक्त दिसलं की थांबा, परत ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. निघालेली पिल्लं दोन दिवस दाणा-पाण्याशिवाय राहू शकतात, त्यांना बाहेर काढायच्या घाईने झाकण उघडलं तर आतल्यांचा पापुद्रा सुकतो.

शेवटी जातीचा मुद्दा, कारण दुर्मिळ जातींत काही मृत्यू जन्मजात ठरलेले असतात. जपानी बँटमसारख्या आखूड पायांच्या जातींत तो गुण देणारं जनुक दोन्हीकडून आलं तर गर्भ पहिल्या आठवड्यातच मरतो. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी जुळवली तर फलित अंड्यांपैकी सरासरी चौथा भाग असाच जातो. आरॉकाना जातीच्या कानाजवळच्या तुऱ्यांचं जनुकही तसंच, फक्त तिथे गर्भ बराच वाढून शेवटच्या दिवसांत मरतो. तुमची जात यांपैकी असेल तर कवचात मेलेल्यांचा हिशोब वेगळा लागेल. शिवाय मोजक्याच पक्ष्यांत पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या की फलनही घटतं आणि गर्भही अशक्त होतात. म्हणून विकणाऱ्याला विचारा की त्याच्या स्वतःच्या यंत्रात, प्रवास न केलेल्या याच अंड्यांतून शेकडा किती पिल्लं निघतात. तो 80 म्हणाला तर पार्सलच्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी तुमचं काम चांगलं झालं. तो स्वतःच 50 म्हणत असेल तर बारात तीन-चारच्या वर आशा धरू नका, आणि हवी तेवढी पिल्लं मिळवायला अंडीच जास्त मागवा. या खेपेबरोबर ट्रेमध्ये घरच्या कोंबडीची तीन-चार ताजी अंडीही ठेवा. ती नीट निघाली आणि पार्सलची निघाली नाहीत, तर खोक्याचा संशय कायमचा मिटेल.